नव्याण्णव म्हणजे ताप नव्हे

नर्सच्या घरात जन्माला आलेल्या माणसाला आजारी पडता येत नाही. म्हणजे पडता येतं, पण ते कुणी मान्य करत नाही. सकाळपासून तिने भरलेला वॉर्ड पाहिलेला असतो. त्यात धनुर्वात असतो, विळा लागलेली मजूरबाई असते, बैलाने शिंग घातलेला गडी असतो. अशी बाई संध्याकाळी घरी आली आणि कुणी 'पोटात दुखतंय' म्हणून कण्हायला लागलं, की ती चपला काढता काढता एवढंच विचारते, "उद्या शाळेत कसला पेपर आहे?"

आमच्या आजीची सहानुभूती एकशे एकला सुरू व्हायची. तिच्या थर्मामीटरवर पारा होता आणि तिच्या चेहऱ्यावरही काही खुणा होत्या, पण दोन्हींचे आकडे जुळत नसत. नव्याण्णव भरले तर ती थर्मामीटर झटकून म्हणायची, "हा ताप नव्हे, हे तापमान आहे. ऊठ." शंभरला "पाणी पी." एकशे एकला मऊ भात आणि मेतकूट. एकशे दोनला मात्र ती न बोलता शेजारी बसायची आणि कपाळावर हात ठेवायची. त्या हाताने आमची बोबडी वळायची. इतर घरांतली मुलं आजीचा हात कपाळावर आला की निश्चिंत होतात. आम्ही मात्र आपलं काही खरं नाही असं समजून मनातल्या मनात देवाची क्षमा मागायचो.

आजी २०२३ साली गेली. त्याआधीची जवळपास सगळी हयात कराडात सरकारी दवाखान्यात आणि त्या दवाखान्याची शाखा असलेल्या आमच्या घरात गेली. गाव तिला 'सिस्टर' म्हणायचं. भाजीवाली, तलाठी, देवळातले गुरव, सगळे. माझ्या बापाला गावात 'सिस्टरांचा मोठा' म्हणत. ते स्वतः साठीला आले तरी तेच.

नर्सिंगला ती १९५७ साली मिरजेला गेली. मिरजेला त्या काळी बाहेरगावची माणसं दोनच कारणांनी जात: एक तर तंबोरा करून घ्यायला, नाहीतर ऑपरेशन करून घ्यायला. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचं हॉस्पिटल काढलं आणि पुढे त्याची ख्याती अशी पसरली, की आमच्या पणजोबांच्या गावात 'मिरजेला नेलं' एवढं म्हटलं की पुढचं माणूस आपोआप गप्प होई. तिथे आपली मुलगी पेशंट म्हणून नव्हे तर शिकायला जाणार, हे पणजोबांच्या डोक्यात काही केल्या शिरेना. "परक्या बाप्याची नाडी धरायची?" असं त्यांनी विचारलं म्हणे. आजी म्हणाली, "मग काय, नाडी बंद पडेपर्यंत थांबायचं?" ही हकीकत मला आजीनेच सांगितली, त्यामुळे पणजोबांची बाजू उपलब्ध नाही.

मिशनच्या मडमांनी तिला काय काय शिकवलं त्याची यादी मोठी आहे, पण आमच्या वाट्याला आली ती चादर. हॉस्पिटलच्या पद्धतीने खाटेवर चादर घालायची म्हणजे कोपऱ्याला पाकिटासारखी घडी घालून ती गादीखाली अशी दाबायची, की सुरकुती नावाला राहू नये. आजी पाहुण्यांच्या पांघरुणालाही तोच न्याय लावायची. पुण्याहून आलेले एक जाडजूड काका रात्री पाणी प्यायला उठायला गेले तर त्यांना पांघरुणातून बाहेरच पडता येईना. तहानलेलेच झोपले बिचारे. सकाळी त्यांनी आजीला सांगितलं, "वहिनी, झोप मात्र हललो नाही अशी लागली."

मिरजेहून तिने आणखी एक गोष्ट आणली. फ्लॉरेन्स नाइटिंगेलची काचेत बसवलेली तसबीर. हातात दिवा घेतलेली, डोक्यावरून पदर घ्यावा तसं कापड घेतलेली बाई. ही तसबीर आमच्या घरात गणपती आणि ज्ञानेश्वर यांच्या मधोमध होती. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांनी पहिल्याच वर्षी तिला कुंकू लावून टाकलं. "समईवाली देवी आहे, जागृत दिसते," असं शेजारच्या काकूंचं मत पडलं. आजीने विरोध केला नाही. उलट १२ मेला, म्हणजे नाइटिंगेलबाईंच्या वाढदिवसाला, ती स्वतः मोगऱ्याचा हार घालायची. मी मोठा झाल्यावर वाचलं, की या बाई हिंदुस्थानात एकदाही आल्या नाहीत, पण इथल्या सांडपाण्याविषयी, पिण्याच्या पाण्याविषयी अनेक वर्षं लिहीत राहिल्या. म्हणजे देवीच म्हणायला हरकत नाही. आपल्याकडच्या गटारांत एवढा रस दुसऱ्या कुठल्या देवतेने घेतल्याचं ऐकिवात नाही.

लग्न जमलं त्याची गोष्ट आमच्या घरी दर दिवाळीला सांगितली जाते. अण्णा, म्हणजे आजोबा, प्राथमिक शाळेत मास्तर. स्थळ आलं तेव्हा अण्णांच्या आईने मध्यस्थाला विचारलं, "मुलगी कुठं असते?"

"मिरजेच्या दवाखान्यात."

"अगं बाई! काय झालंय तिला?"

नर्सशी लग्न करणं त्या काळात साधं नव्हतं. रात्रपाळी करणारी सून, सतरा जातींच्या माणसांचं मलमूत्र काढणारी सून, पुरुष डॉक्टरांशी इंग्रजीत बोलणारी सून. अण्णांच्या आईला यातलं तिसरं सगळ्यात जास्त खटकलं असावं. अण्णांनी मात्र आयुष्यात एकदाच हट्ट केला आणि त्याची शिक्षा म्हणून भाकरी शिकले. आजीची रात्रपाळी असली की चूल अण्णांची. १९६०च्या दशकात कराडात मास्तर भाकऱ्या थापतो ही बातमी होती. शेजारच्या बायका उगाच विरजण मागायला यायच्या आणि दारातून चुलीकडे बघून जायच्या. सुरुवातीला अण्णांच्या भाकरीला सातारा जिल्ह्याच्या सगळ्या तालुक्यांच्या सीमा असत. पुढे ती इतकी गोल व्हायला लागली, की त्यांच्या आईनेच एकदा कुणालातरी सांगितलं, "आमच्या मास्तरच्या हाताला चव आहे. सुनेचं काय, ती नुसती सुया टोचते."

आता ओव्हरबद्दल सांगायला हवं. दवाखान्यात एका पाळीची सिस्टर निघताना दुसऱ्या पाळीच्या सिस्टरला वॉर्ड सोपवते, त्याला 'ओव्हर देणं' म्हणतात. क्रिकेटमधल्या ओव्हरशी संबंध नाही. तिथे सहा चेंडूंत मोकळं होता येतं. इथे खाटेखाटेपाशी उभं राहून सांगायचं: तीन नंबर, हर्निया, दुसरा दिवस, लघवी झाली. चार नंबर, सलाईन अकराला संपेल. पाच नंबर, पेशंट चांगला, नातेवाईक भांडखोर. समोरची 'घेतली' म्हणाली की मग पर्स उचलायची. ती म्हणेपर्यंत तुमची पाळी संपत नाही, घड्याळात कितीही वाजोत.

आजी घरीही ओव्हर द्यायची. रात्रपाळीला निघताना पांढरी साडी, टोपी, छातीला उलटं लावलेलं घड्याळ अशा पूर्ण गणवेशात ती उंबऱ्यात उभी राहायची आणि अण्णांना सांगायची: "मोठ्याला खोकला, झोपताना हळद-दूध. मधलीने गणितं केलेली नाहीत, केली म्हणून सांगेल. धाकट्याला झोपायच्या आधी बाहेर नेऊन आणा, नाहीतर गादी उन्हात टाकावी लागेल. दूध तापवलंय, झाकण अर्धं ठेवलंय. मांजर घरातच आहे. घेतली?"

अण्णांनी 'घेतली' म्हणायचं. मान हलवून चालत नसे. एकदा काही कारणाने दोघांचं वाजलं होतं आणि अण्णा वर्तमानपत्रात डोकं घालून गप्प बसले. आजी उंबऱ्यातच उभी. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी दवाखान्यातून वॉर्डातले मामा सायकलवरून बघायला आले, की सिस्टर आजारी पडल्या का काय. मामांनी दोघांकडे बघितलं, सायकल स्टँडला लावली आणि तेच म्हणाले, "मास्तर, घ्या की वं ओव्हर. तिकडं सा नंबरला कळा चालू झाल्यात."

दवाखान्यात आजीच्या बरोबरीने वॉर्ड चालवायच्या त्या आयाबाई. त्यांना सगळे मावशी म्हणायचे, मीही मावशीच म्हणेन. आजीपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, शाळेची पायरी न चढलेल्या, पण कुठली बाई कधी बाळंत होणार हे त्या तिच्या चालीवरून सांगायच्या. आजी तपासून वेळ सांगायची, मावशी बघून. बरोबर कुणाचं यायचं यावर दोघींची बरीच वर्षं चुरस चालली. हिशेब मावशींच्या बाजूने आहे असं आजीने फक्त एकदा कबूल केलं, तेही भुलीच्या इंजेक्शनखाली.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा दोघी रात्रपाळीला होत्या. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला सगळं हललं. सलाईनचे स्टँड नाचायला लागले, औषधांच्या बाटल्या मांडणीवरून उड्या मारायला लागल्या. वॉर्डात एक गृहस्थ पाय बांधून पडले होते. पाठीत कळ, पाय उचलत नाही, दोन पावलं टाकता येत नाहीत, अशी त्यांची तक्रार. त्यांचा खटला कसल्याशा नुकसानभरपाईचा होता आणि मुक्काम लांबत चालला होता. आजी आणि मावशींनी ओल्या बाळंतिणींना आणि तान्ह्यांना आधी बाहेर काढलं. त्यांना घेऊन दोघी पटांगणात आल्या, तर हे गृहस्थ तिथे आधीच पोचलेले. पायाला दोरी, दोरीला वजन, वजनासकट. आजीने त्यांना काही म्हटलं नाही. पुढे कोयनानगरकडून जखमी यायला लागले, ट्रकमधून, मिळेल त्या वाहनातून, आणि तिला कुणालाच काही म्हणायला दोन दिवस सवड नव्हती. त्या दोन दिवसांबद्दल ती फारशी बोलत नसे. फक्त सांगायची, की ते गृहस्थ त्या पहाटेपासून स्ट्रेचरचं दुसरं टोक धरून उभे होते आणि दुपारी त्यांनी स्वतःच येऊन सांगितलं, "सिस्टर, माझी खाट कुणाला तरी द्या. मला बरं वाटतंय."

दवाखान्याच्या बाळंतपणाच्या खोलीत आजीच्या हातावर किती पोरं जन्मली याची मोजदाद तिने ठेवली नाही, पण कोण कधी जन्मलं हे तिला घड्याळाच्या काट्यासकट पाठ होतं. इथे आमच्या घरात एक कायमचं भांडण होतं. अण्णांच्या शाळेत पोराला घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली की तो सांगायचा, "बेंदराच्या आदल्या रात्री. आमची म्हैस बी त्याच राती व्यायली." अण्णा विचारात पडायचे आणि १ जून लिहायचे. महाराष्ट्रातल्या सगळ्या मास्तरांनी हेच केलं, म्हणून तर आपल्याकडे अमाप लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो आणि ३१ मेला सरकारी कचेऱ्यांतून माणसं घाऊक निवृत्त होतात. आजीला हे खपायचं नाही. रस्त्यात भेटलेल्या माणसाला ती थांबवून सांगायची, "तुझा वाढदिवस जूनमध्ये नाही, नोव्हेंबरात आहे. पहाटे तीन चाळीस. रडायला तू वेळ लावलास." मुलामुलींच्या पत्रिका करायच्या झाल्या की लोक तिच्याकडे येत. अण्णांची तारीख सरकारसाठी आणि आजीची ज्योतिषासाठी, अशी तालुक्यात सोयीची वाटणी होती.

गंमत म्हणजे स्वतः आजीची जन्मतारीखही कागदोपत्री १ जूनच, सन १९३८. तिच्या गावच्या कुठल्याशा मास्तरांची कृपा. त्यामुळे ३१ मे १९९६ ला तिला अठ्ठावन्न पूर्ण झाली म्हणून घरी बसवण्यात आलं. निरोपसमारंभात सगळे तिच्याबद्दल चांगलं बोलत होते आणि ती अण्णांकडे रागाने बघत होती. "खरी तारीख लागली असती तर दिवाळीपर्यंत नोकरी होती माझी," ती पुढे कित्येक वर्षं म्हणायची. अण्णांचा यात काडीचा संबंध नव्हता, पण ते मास्तर होते आणि मास्तरांच्या वतीने त्यांनी हे आयुष्यभर ऐकून घेतलं.

लग्नकार्यात तिला नेणं जोखमीचं असे. अक्षता पडत असताना ती शेजारणीला सांगायची, "नवरदेव पावणेपाच पौंडांचा होता गं. कापसात ठेवला होता. आता बघ."

पायाळू जन्मलेल्यांशी तिचं खास नातं होतं, कारण त्यांनी तिला घाम फोडलेला असायचा. पायाकडून येणारं मूल सोडवणं ही आजही काळजीची गोष्ट आहे; तेव्हा तर रात्री-अपरात्री डॉक्टर येईपर्यंत सगळं सिस्टरच्याच हातात. पण आपल्याकडे पायाळू माणसाचं पुढे वेगळंच होतं. विजा चमकायला लागल्या की घरचे त्याला बाहेर सोडत नाहीत आणि कुणाच्या कमरेत उसण भरली की पाय लावून घ्यायला त्याच्याकडे रांग लागते. आजी यावर चिडायची. "मी तासभर झगडून त्याला बाहेर काढलं आणि श्रेय त्याच्या पायाला?" अंधश्रद्धेवर ती आम्हाला व्याख्यान द्यायची. व्याख्यानाला एकच अडचण आली. एका पावसाळ्यात तिच्याच कमरेत उसण भरली.

दोन दिवस शेक, मलम, गोळ्या. तिसऱ्या दिवशी दुपारी, घर झोपलेलं असताना, मावशी मागच्या दाराने एका थोराड माणसाला घेऊन आल्या. मी खिडकीशी होतो. तो गृहस्थ हात जोडून उभा. "सिस्टर, तुमच्या हातावर जन्मलो मी. तुमाला लाथ कशी मारू?"

"लाथ नाही मारायची," आजी पालथं झोपल्या जागेवरून म्हणाली. "पाय लावायचा. आधी धुऊन ये. साबणाने. बोटांच्या मधेसुद्धा."

तो पाय धुऊन आला.

"हं. मधोमध नको. जरा डावीकडे. अजून खाली. मणका सोडून. दाब देऊ नकोस रे, मी काय उसाचा चोथा आहे? हां, तिथे."

संध्याकाळी आजी ताठ चालत होती. मी नुसता बघत राहिलो. "आराम पडायची वेळच झाली होती," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी उसण उतरतेच."

तिच्या इंजेक्शनाबद्दल न लिहिणं कृतघ्नपणा होईल. काचेची सिरिंज, पाण्यात उकळून काढलेली सुई. जुन्या काळी सुया टाकून देत नसत. बोथट झाली की दगडावर धार लावून पुन्हा वापरायची. हे तिने आम्हाला कौतुकाने सांगितलं आणि मग म्हणाली, "वळ." लहान मुलांना ती प्रश्न विचारायची, म्हणजे लक्ष दुसरीकडे जाईल. प्रश्न ठरलेला. "सातारा जिल्ह्यातले तालुके सांग." पोरगं मोजायला लागायचं, "सातारा, वाई, खंडाळा, कोरेगाव..." आणि कोरेगावला सुई आत. तालुके अकरा आहेत हे मला खूप उशिरा कळलं. कराडातल्या एका आख्ख्या पिढीचा भूगोल कोरेगावला संपतो. आजही एसटीच्या स्टँडवर 'कोरेगाव, कोरेगाव' अशी आरोळी ऐकली की उतारूंतले चाळिशीचे दोन-तीन पुरुष बसल्या जागी थोडे आखडतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

जुलाबाच्या साथीत ती आम्हाला आधी रडवायची. म्हणजे घरच्या घरी मीठ-साखरेचं पाणी करायचं ते अश्रूंपेक्षा खारट होता कामा नये, असं आरोग्य खात्याचं सांगणं असे. आजी शब्दाला पक्की. चव घेण्यासाठी अश्रू हवेत, म्हणून ती एका नातवंडाला दामटायची. लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि एक रडका मुलगा, अशी कृती होती. बहुधा मी.

सिनेमाला मात्र तिला नेऊ नये. 'अमर अकबर अँथनी' आला १९७७ साली. त्यात तीन मुलं शेजारी शेजारी झोपून एकाच वेळी आईला रक्त देतात हे सगळ्या देशाला माहीत आहे. थेटरात बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. अण्णासुद्धा हेलावले होते. त्या शांततेत आजीचा आवाज आला, "अहो, ग्रूप कुणी तपासला?" पुढच्या रांगेतून शुक्-शुक् झालं. थोड्या वेळाने पुन्हा, "आणि रक्त वर चढतंय ते?" त्यानंतर अण्णांनी तिला फक्त पौराणिक चित्रपट दाखवले. त्यातही संजीवनी आणताना मारुतीने आख्खा डोंगर उचलून आणला हे तिला पटलं. स्टोअरमधून औषध आणायला पाठवलेले मामा असंच करतात, असं तिचं म्हणणं.

निवृत्तीनंतर ती घरी बसली असं फक्त पेन्शन ऑफिसला वाटायचं. पल्स पोलिओ १९९५ च्या डिसेंबरात सुरू झाला होता. दरवेळी बूथवर ती खुर्ची टाकून हजर. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला तो जानेवारी २०११ मध्ये, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं, तेव्हा तिने घरात शिरा केला. याआधी शिरा १९७७ साली झाला होता, देवी गेल्याचं जाहीर झालं तेव्हा. आमच्या घरात वाढदिवसाला गोडधोड होईलच याची खात्री नसे, पण एखादा रोग गेला की नक्की व्हायचं. माझ्या माहितीत एखाद्या जंतूच्या तेराव्याला गोड जेवण घालणारी ती एकटीच.

मार्च २०२१ मध्ये साठीच्या वरच्यांना कोरोनाची लस सुरू झाली. ब्याऐंशीची आजी इस्त्रीची पांढरी साडी नेसून निघाली. केंद्रावरची सिस्टर अगदी कोवळी पोर. ती गोड आवाजात म्हणाली, "आजी, घाबरू नका हं. मुंगी चावल्यासारखं वाटेल." आजी म्हणाली, "मी घाबरत नाही. तू खांदा सैल सोड, हात थरथरतोय तुझा." टोचून झाल्यावर तिने सुईची स्तुती केली. बारीक, छान, एकदा वापरून टाकायची. आमच्या वेळी असती तर तालुक्याला आणखी एक-दोन तालुके पाठ झाले असते, असं मला वाटून गेलं.

लसीनंतर अर्धा तास तिथेच बसावं लागे. त्या अर्ध्या तासात आजीने रांगा दोन केल्या, खिडक्या उघडायला लावल्या, एका गृहस्थांचा मास्क हनुवटीवरून नाकावर चढवला आणि घेरी आलेल्या एका तरुणाला आडवं करून त्याचे पाय उशाला घ्यायच्या पिशवीवर ठेवले. आम्ही न्यायला गेलो तेव्हा लोक तिला विचारत होते, "मॅडम, दुसरा डोस कधी?"

शेवटच्या आजारपणात आम्ही तिला एका खासगी इस्पितळात ठेवलं. तिथे तिने पेशंट व्हायचं नाकारलं. झोपून राहायची, पण लक्ष पायाशी लटकवलेल्या तक्त्यावर. "नाडी बहात्तर लिहिलीय. मोजली कधी? मी जागी होते." डॉक्टर राउंडला आले की सवयीने उठून उभी राहायला बघायची. एकदा रात्री दोन वाजता मी तिच्या खोलीत गेलो, तर रात्रपाळीची सिस्टर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून डबा खात होती आणि आजी उशाला टेकून स्वतःच्याच सलाईनचे थेंब मोजत होती. मला बघून सिस्टर दचकून उठली. आजी म्हणाली, "बस गं. संध्याकाळपासून उभी आहेस. हा माझा नातू आहे, हा काही कुणाला सांगत नाही." मग माझ्याकडे वळून, "आणि तू बूट काढून ये."

ती गेल्यावर घरी भेटायला जी माणसं आली त्यांची दुःख सांगायची पद्धत एकसारखी होती. आधी डोळे पुसायचे आणि मग सांगायचं, सिस्टरांनी आपल्याला कुठे टोचलं होतं. एक मोठे बागायतदार तर उठून दाखवायलाच निघाले होते, त्यांना मुलाने आवरलं.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर गर्दी झाली. पिंड ठेवले, बाजूला तिच्या आवडीचं म्हणून उडदाचा वडा ठेवला. कावळे समोरच्या झाडावर होते, भरपूर होते, पण एकही खाली येईना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. वडील पुढे झाले आणि धाकट्या काकांशी जमिनीवरून असलेलं भांडण मिटवतो म्हणाले. काका म्हणाले, मीही मिटवतो. कावळे तसेच. आत्या व्हिडिओ कॉलवर अमेरिकेतून रडत म्हणाली, दरवर्षी येईन. काही नाही. कुणीतरी तिच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवू म्हणालं. मीही पुढे होऊन हळूच म्हणालो, सिगारेट सोडतो. त्यावर एक कावळा थोडा सरकला. घरची सगळी माणसं मात्र गर्रकन वळून माझ्याकडे बघायला लागली. ऊन चढलं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करून विधी उरकता येतो असं सुचवलं.

तेव्हा मागच्या बायकांतून मावशी उठल्या. आता त्याही पार वाकल्यात. "सरा बाजूला," म्हणाल्या. झाडाकडे नाही, सरळ अण्णांकडे गेल्या. अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीवर सकाळपासून गप्प बसून होते. मावशींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"अण्णा, ऐका. तुमची बीपीची गोळी सकाळी, साखरेची जेवायच्या आधी. राती उठलात तर लाइट लावायचा, अंधारात जायचं न्हाई. मोठ्या साहेबांना कोरडा खोकला हाय, फोटो काढून घ्यायचा. सूनबाईंचं रक्त कमी हाय, खजूर चालू करायचा. धाकटे गोड खात्यात, घरात सांगत न्हाईत. दूध तापवून झाकण अर्धं ठिवायचं. ह्यो पोरगा बिड्या फुंकतो, आत्ताच कळलं, त्येबी लिवून घ्या." त्या थांबल्या. "अण्णा, म्हना की वं. त्या उंबऱ्यात उभ्या हाईत."

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा घातला.

"घेतली," ते म्हणाले.

कावळा उतरला तो थेट वड्यावरच. त्याच्यामागून बाकीचे. गुरुजींनी सुटकेने पळी-पंचपात्र आवरायला घेतलं. मावशी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"आन ते पाकीट हिकडं," त्या म्हणाल्या. "लायटर बी."